कोळसा, चांदी आणि रक्ताचा थेंब

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे पाण्याच्या फिल्टरचा मेकॅनिक येतो. गेल्या खेपेला त्याने काढलेलं जुनं कार्ट्रिज मी मागून घेतलं आणि ओट्यावर वर्तमानपत्र पसरून कापलं. आत जाड्या रव्याएवढे काळेभोर दाणे होते. बोटाला लागले की काजळीसारखा डाग पडत होता. मेकॅनिक म्हणाला, "सर, ह्यात चांदी असते." त्याचं बरोबर होतं. नारळाच्या करवंटीचा कोळसा तापत्या वाफेने सच्छिद्र करतात आणि त्यावर अगदी थोडी चांदी बसवतात. कोळसा पाण्यातला क्लोरीन, वास आणि बरीचशी सेंद्रिय घाण धरून ठेवतो. पण धरून ठेवलेली घाण म्हणजे जंतूंना आयतं अन्न, आणि काही दिवसांत त्या दाण्यांवरच जंतूंची वसाहत उठू शकते. चांदी त्यांना तिथे बस्तान बसवू देत नाही. आणि हीच चांदी बारीक करून नुसती पाण्यात सोडली असती तर ती वाहून गेली असती, नाहीतर गोळा होऊन तळाशी बसली असती. कोळसा तिला जागा देतो आणि ती कोळशाला राखते.

गेल्या दोन-तीन दशकांत जगभरच्या प्रयोगशाळांनी हीच जोडी फार लहान मापात आणली. करवंटीच्या कोळशाच्या जागी आता ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एका अणूएवढा जाड पापुद्रा आहे, कार्बनच्या नॅनोनळ्या आहेत, कार्बनचे सूक्ष्म ठिपके म्हणजे कार्बन डॉट आहेत. चांदीच्या जोडीला सोनं, प्लॅटिनम, तांबं, लोह यांचे पाच, दहा, वीस नॅनोमीटरचे कण आले आहेत. माप डोळ्यांपुढे यावं म्हणून सांगतो : माणसाचा केस साधारण ८०,००० ते १,००,००० नॅनोमीटर जाड असतो, तांबडी रक्तपेशी सात-आठ हजार नॅनोमीटर रुंद, आणि डीएनएची पिळदार शिडी जेमतेम २. या पदार्थांकडून अपेक्षा मोठ्या आहेत. कर्करोगाची गाठ आतून शेकून मारावी, औषध नेमक्या पेशीत सोडावं, रक्ताच्या थेंबात रोगाची पहिली चाहूल लागावी, जखम चिघळू नये. माझं म्हणणं असं, की यातल्या शेवटच्या दोन अपेक्षा आज धरण्यासारख्या आहेत. पहिल्या दोनांच्या बाबतीत आपण फार लवकर टाळ्या वाजवतो आहोत. धातू-कार्बनच्या जोडीची पहिली जागा शरीराच्या बाहेर आहे : चाचणीच्या पट्टीवर, इलेक्ट्रोडवर, फार तर जखमेच्या तोंडावर. शिरेतून आत जायचा तिचा हक्क अजून सिद्ध व्हायचा आहे, आणि तो सिद्ध करायची जबाबदारी ती बनवणाऱ्याची आहे.

आधी या जोडीचं जे कौतुक करायला हवं ते मोकळ्या मनाने करतो.

सोन्याचे कण तयार होताना एकदा तरी बघावेत. सोन्याच्या क्षाराचं फिकट पिवळं पाणी उकळत ठेवायचं आणि त्यात सोडियम सायट्रेटचं द्रावण ओतायचं. पिवळा रंग उडून जातो, पाणी थोडा वेळ नितळ दिसतं. मग त्यात काळसर निळी झाक येते, ती जांभळी होते आणि काही मिनिटांत सगळं भांडं कोकमाच्या सरबतासारखं लाल होतं. ही कृती टर्केविच यांनी १९५१ साली घालून दिली, आणि आजही एम.एस्सी.ची मुलं हीच करतात. त्याच्याही आधी, १८५७ साली, मायकेल फॅरडे यांनी लाल सोनं बनवून दाखवलं होतं. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांच्या बाटल्या अजून जपून ठेवलेल्या आहेत. सोनं लाल का दिसतं? इतक्या लहान कणातले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एका ठेक्यात डोलू लागतात आणि ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश गिळतात. उरतो तो लाल.

आता या लाल पाण्यात थोडं मीठ टाका. बघता बघता ते निळसर, करडं होतं आणि काही वेळाने तळाशी गाळ बसतो. कणांवरच्या विद्युतभारामुळे ते एकमेकांपासून दूर राहत होते. मिठाने तो भार झाकला आणि ते चिकटले. रक्तात मीठ आहे, घामात आहे, लाळेत आहे. शरीराशी गाठ पडली की उघड्या सोन्याच्या कणांची गत अशी होते.

इथे कार्बन कामाला येतो. ग्राफाइटवर गंधकाम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटची प्रक्रिया केली, की त्याचे पापुद्रे सुटतात आणि ग्राफीन ऑक्साइड मिळतं. १९५८ सालची ही हमर्स यांची कृती अजूनही सगळीकडे वापरात आहे. एकेक पापुद्रा एका अणूएवढा जाड, आणि त्याच्या अंगावर नि कडांवर ऑक्सिजनचे गट आकड्यांसारखे उभे. धातूचा आयन त्या आकड्याला अडकतो, तिथेच त्याचा धातू होतो आणि कण तिथेच वाढतो. मिठाने तो सहजी हलत नाही. निव्वळ ग्राफीनच्या एका ग्रॅमचं पृष्ठफळ गणिताने २,६३० चौरस मीटर भरतं, म्हणजे सव्वीस गुंठे. एवढ्या जागेवर कण पसरून बसू शकतात. उलट बाजूनेही उपकार होतोच. ग्राफीनचे पापुद्रे ओल्या पापडांसारखे एकमेकांना बिलगतात आणि सगळी जागा वाया जाते. मध्ये धातूचे कण आले की ते सुटे राहतात. कार्बन वीज वाहून नेतो. सोन्याला गंधकाची ओढ असते, त्यामुळे गंधक असलेला डीएनएचा धागा किंवा प्रतिपिंड त्यावर पक्का बसतो. एकाला जे जमत नाही ते दुसरा करतो.

पुण्याचा एक प्रयोग मला इथे सांगायलाच हवा. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गवती चहाच्या कुळातल्या गवताचा अर्क सोन्याच्या क्षारात मिसळला. नेहमीच्या तापमानाला, कुठलंही तिखट रसायन न घालता, त्यातून सोन्याचे त्रिकोण निघाले : सपाट, धारदार कडांचे, नॅनोमीटरच्या मापाचे. २००४ साली 'नेचर मटेरियल्स'मध्ये ते काम आलं. गंमत आकारापुरती नव्हती. गोल कण हिरवा प्रकाश गिळतात, तर हे त्रिकोण डोळ्यांना न दिसणारा, लाल रंगाच्या पलीकडचा प्रकाश गिळतात. शरीराच्या दृष्टीने तोच मोलाचा. टॉर्चवर तळहात ठेवला की बोटं लाल दिसतात, कारण हिरवा-निळा प्रकाश रक्त अडवतं आणि लाल आरपार येतो. त्याच्याही पुढचा, साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटरचा प्रकाश मांसात आणखी खोल शिरतो. तिथे जर तो प्रकाश गिळून तापणारं काही ठेवता आलं, तर गाठ भाजता येईल. सोन्याचे त्रिकोण, सोन्याच्या दांड्या, सोन्याची कवचं हे करतात. कार्बनच्या नळ्या आणि अंशतः ऑक्सिजन काढलेलं ग्राफीनही करतं. दोघं एकत्र आले की उष्णता आणखी वाढते, वर पापुद्र्यावर औषधही चढवता येतं.

कागदावर हे इतकं देखणं आहे, की कुणालाही मोह पडेल. मलाही पडला होता. काचेच्या बशीत कर्करोगाच्या पेशी वाढवल्या, त्यात हे संमिश्र टाकलं, लेझर सोडला आणि पेशी मेल्या. मग आलेख निघतो, पेपर निघतो, पुढच्या वर्षी दुसऱ्या धातूवर तेच.

पण बशीला यकृत नसतं. २०१६ साली टोरंटोच्या वॉरन चान यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून एकच प्रश्न विचारला : शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत किती पोचतात? मध्यक आला ०.७ टक्के. शंभरातला एकही नाही. बाकीचे बहुतेक यकृत आणि प्लीहा गोळा करतात, कारण रक्तात शिरताच कणावर प्रथिनांचा लेप चढतो आणि भक्षक पेशींना ते परके म्हणून ओळखू येतात. साडेपाच नॅनोमीटरच्या आसपासपर्यंतचे कण मूत्रपिंडातून गाळून निघतात. त्याहून मोठ्यांना ते दार बंद असतं. ग्राफीनचा पापुद्रा शेकडो नॅनोमीटर रुंद असू शकतो. त्याच्यावर बसलेला पाच नॅनोमीटरचा सोन्याचा कण एकटा असता तर कदाचित लघवीवाटे गेला असता. जोडीमुळे तो अडकला.

कुणी म्हणेल, माणसांवर हे यशस्वी झालेलं आहेच की. झालेलं आहे, आणि तो प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या त्या प्रयोगात प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या सोळा रुग्णांना सिलिकाच्या गाभ्यावर सोन्याचं कवच असलेले कण शिरेतून दिले, दुसऱ्या दिवशी गाठीत बारीक तंतू घालून लेझर सोडला, आणि सोळापैकी पंधरा जणांत नेमकी ठरवलेली जागा भाजता आली. त्यातून मी शिकतो ते असं : रुग्ण सोळा, अवयव एक, गाठ हाताशी येणारी, प्रकाश बाहेरून न सोडता सुईवाटे आत नेलेला. आणि कण एकाच पदार्थाचा न म्हणता एकाच ठरीव कृतीचा, ज्याच्यामागे राइस विद्यापीठातल्या नाओमी हॅलस आणि जेनिफर वेस्ट यांच्यापासून दोन दशकांचं काम होतं. त्यात ग्राफीन नव्हतं, नॅनोनळी नव्हती. धातू आणि ग्राफीनचं एकही संमिश्र आज शिरेतून द्यायचं औषध म्हणून बाजारात नाही.

माझ्या आक्षेपाचा गाभा मात्र आकड्यात नाही. तो शरीराकडूनच शिकलेला आहे.

धातू आणि कार्बनची जोडी शरीराला परकी नाही. आपल्या रक्ताचा लाल रंग हीच जोडी आहे : कार्बन आणि नायट्रोजनच्या कड्याच्या मधोमध बसवलेला लोहाचा एक अणू. तिला हीम म्हणतात. नुसतं लोह रक्तात मोकळं सोडलं तर ते पेशी जाळतं. नुसतं कडं ऑक्सिजन वाहू शकत नाही. एकत्र आले की आपण श्वास घेऊ शकतो. पण शरीराची खरी कारागिरी ही जोडी बनवण्यात जेवढी आहे तेवढीच ती मोडण्यात आहे. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. ती थकली की प्लीहा आणि यकृतातल्या भक्षक पेशी तिला गिळतात, एक ठरावीक विकर कड्याला एका ठरावीक जागी तोडतं, लोह सुटून कोठारात जातं, आणि कड्याचा झाला बिलिरुबिन. तो पित्तातून आतड्यात आणि तिथून बाहेर. ही वाट तुंबली की डोळे पिवळे होतात. कावीळ बघितलेल्या माणसाला बाहेर जाण्याची वाट म्हणजे काय ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता प्रयोगशाळेतली जोडी घ्या. तिची बनवण्याची कृती पेपरात चार परिच्छेद घेते. मोडण्याची कृती? अनेक पेपरांत ती एका वाक्यात उरकलेली असते : चोवीस तासांत पेशींना अपाय दिसला नाही, म्हणून पदार्थ जैवसुसंगत. चोवीस तास!

ॲस्बेस्टॉसचे पत्रे आपल्या कितीतरी घरांवर आणि शाळांवर आहेत. त्याच्या धाग्याने होणारा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग वीस, तीस, चाळीस वर्षांनी दिसतो. २००८ साली एडिनबरोच्या संशोधकांनी लांब, ताठ, अनेक थरांच्या कार्बन नळ्या उंदरांच्या पोटात घातल्या, तेव्हा तिथल्या आवरणावर ॲस्बेस्टॉससारखीच सूज आणि गाठी दिसल्या. भक्षक पेशीला आपल्यापेक्षा लांब काडी गिळता येत नाही. ती अर्धवट गिळते आणि चिडत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ साली अशा एका प्रकारच्या नळीला संभाव्य कर्कजनकांच्या यादीत घातलं. आखूड, गुंतलेल्या नळ्यांनी तसं केलं नाही, हेही त्याच प्रयोगात दिसलं. म्हणजे कार्बन वाईट असं नाही. लांबी वाईट, ताठरपणा वाईट, आणि ते मोजल्याशिवाय पुढे जाणं त्याहून वाईट.

दुसऱ्या बाजूचं जे खरं आहे ते सांगितलं नाही तर हा लेख अप्रामाणिक होईल. कार्बनच्या नळ्या शरीरात अजिबात मोडत नाहीत, अशी समजूत होती. २०१० साली दिसलं, की आपल्या पांढऱ्या पेशींतलं मायलोपेरॉक्सिडेज हे विकर एका थराच्या नळ्या हळूहळू कुरतडू शकतं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एडिनबरो आणि मँचेस्टरच्या संशोधकांनी चौदा निरोगी स्वयंसेवकांना नियंत्रित प्रमाणात, अगदी शुद्ध आणि पातळ ग्राफीन ऑक्साइड हुंगायला दिलं. फुप्फुसाच्या कामावर किंवा रक्तदाबावर लगेचचा अपाय दिसला नाही. ही आशेची चिन्हं आहेत आणि मी ती आशेनेच वाचतो. पण पुढे काय होतं ते बघा. कार्बन कुरतडला गेला, तर त्याच्यावर बसलेल्या धातूचं काय? पापुद्रा विरला की कण सुटले. चांदी असेल तर ती आयन होऊन विरघळेल, तांबं आणखी लवकर. सोनं जसंच्या तसं राहील, असं आपण म्हणायचो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कामात फ्रान्समधल्या संशोधकांनी माणसाच्या पेशींत सोन्याचे कण ठेवून सहा महिने पाठलाग केला. पेशींनी सोनं विरघळवलं, आणि त्याचे नवे, वेगळ्या रूपाचे स्फटिक पेशीतच तयार झाले. ज्या धातूला आपण हजारो वर्षं अविकारी म्हणत आलो, त्याच्याशी साधी त्वचेची पेशीही काहीतरी करत होती.

या जोडीत दोन वेगवेगळी घड्याळं चालतात. कार्बन एका गतीने मोडतो, धातू दुसऱ्या गतीने. सोन्याची चाचणी वेगळी, ग्राफीनची वेगळी, दोन्ही सुरक्षित, म्हणून जोडी सुरक्षित, हा हिशेब चुकतो. जोडीची चाचणी जोडी म्हणूनच व्हायला हवी, आणि ती फुटल्यावरच्या तुकड्यांचीही. महिन्यांची, वर्षांची. हे खर्चाचं काम आहे, कंटाळवाणं आहे, त्यातून चमकदार मथळे निघत नाहीत. म्हणूनच ते सरकारी पैशातून, मुद्दाम ठरवून व्हायला हवं.

आता शरीराबाहेरच्या जागेकडे वळतो. माझ्या आईला वीस वर्षं मधुमेह आहे. सकाळी चहाच्या आधी ती डबीतून पट्टी काढते, बोटाच्या कडेला टोचते, थेंब पट्टीच्या टोकाला लावते. त्या पट्टीवरच्या काळ्या रेघा कधी नीट बघितल्यात? बऱ्याच पट्ट्यांत ती छापलेली कार्बनची शाई असते, तीच इलेक्ट्रोड. तिच्यावर विकराचा थर. विकर रक्तातल्या साखरेशी अभिक्रिया करतं, इलेक्ट्रॉन कार्बनमधून यंत्रात जातात आणि पाच सेकंदांत आकडा येतो. थेंब शरीरातून बाहेर आलेला असतो. पट्टीवरचं काहीही शरीरात जात नाही. काम झालं की पट्टी टाकून दिली. गर्भ राहिल्याचं सांगणाऱ्या पट्टीवरची ती गुलाबी रेघ, कोविडच्या काळात आपण श्वास रोखून जिची वाट पाहिली ती रेघ, बहुतेक वेळा सोन्याच्या नॅनोकणांची असते. २०२१ च्या मे महिन्यात घरी करायच्या कोविड चाचणीला देशात पहिली मान्यता मिळाली, ते किट पुण्यात बनलेलं होतं. एका पट्टीवर कार्बन आणि दुसरीवर धातू. दोन्ही कोट्यवधी माणसांच्या हातून गेल्या आहेत. त्यांना एकत्र आणणं, म्हणजे कार्बनच्या इलेक्ट्रोडवर धातूचे कण बसवून संवेदनशीलता वाढवणं, ही या क्षेत्राची सगळ्यात सरळ, सगळ्यात निरुपद्रवी आणि आपल्याला सगळ्यात गरजेची दिशा आहे.

गरज केवढी आहे? आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. जगातल्या क्षयरोग्यांपैकी चौथा हिस्सा आपल्याकडे. क्षयाच्या जंतूच्या भिंतीतला लॅम नावाचा एक रेणू रुग्णाच्या लघवीत उतरतो. तो पट्टीवर सापडवणारी चाचणी आहे, पण तिला फार थोडा लॅम दिसत नाही, म्हणून ती मुख्यतः एचआयव्ही असलेल्या रुग्णांपुरतीच उपयोगाची ठरते. ज्याला बेडका काढता येत नाही अशा लहान मुलाचं निदान लघवीच्या थेंबावर झालं तर काय फरक पडेल, हे क्षयाच्या वॉर्डात काम केलेल्या कुठल्याही सिस्टरला विचारा. अतिसूक्ष्म प्रमाण पकडणं हेच तर धातू-कार्बन इलेक्ट्रोडचं बलस्थान.

आणि उन्हाळा. साखरेच्या पट्ट्यांवर ३० अंशांच्या आत ठेवा असं छापलेलं असतं. मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४५ च्या वर जातो. विकर हे प्रथिन. उष्णतेने त्याची घडी मोडते. म्हणून विकराशिवायचा सेन्सर बनवायचं स्वप्न जुनं आहे, आणि निकेल किंवा तांब्याचे कण ग्राफीनवर बसवून असे सेन्सर शेकड्यांनी प्रसिद्ध झाले आहेत. उणीव एकच, पण मोठी. निकेल आणि तांब्याला साखर ओळखायला तीव्र अल्कली लागतो, आणि रक्ताचा सामू ७.४. प्लॅटिनमला अल्कली लागत नाही, पण रक्तातला क्लोराइड त्याचा पृष्ठभाग अडवून बसतो. बीकरमधल्या सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये उत्तम चालणारा सेन्सर आईच्या बोटावरच्या थेंबात गप्प बसतो. हा प्रश्न सोडवायला जागा आहे, बुद्धी लागेल, आणि जो सोडवेल त्याच्या पट्ट्या गडचिरोलीच्या उपकेंद्राच्या कपाटात फ्रिजविना राहतील. याहून मोठी पीएचडी कुठली?

बाहेरच्या कामातही प्रामाणिकपणा सोपा नाही, हे इथेच सांगतो. सुरुवातीच्या काळात कार्बन नळ्यांच्या इलेक्ट्रोडची फार वाहवा झाली. २००६ साली ऑक्सफर्डच्या रिचर्ड कॉम्पटन यांच्या गटाने दाखवलं, की त्यातल्या काही अभिक्रियांचं श्रेय नळ्यांचं नव्हतंच. नळ्या वाढवताना उत्प्रेरक म्हणून वापरलेलं लोह धुऊनही थोडं शिल्लक राहिलं होतं, आणि काम ते करत होतं. कार्बनच्या नावावर धातूची मजुरी लागली. हमर्सच्या कृतीतून परमँगनेटचं मँगनीजही असंच मागे राहतं. २०२० साली प्रागच्या मार्टिन पुमेरा यांच्या गटाने ग्राफीनमध्ये चक्क पक्ष्यांची विष्ठा मिसळून तापवली, आणि इलेक्ट्रोड साध्या ग्राफीनपेक्षा सरस ठरला. प्रश्न त्यांनी गंभीरपणे विचारला होता : काहीही घातलं तरी ग्राफीन सुधारत असेल, तर अमुक धातू घातला आणि सुधारलं, याला अर्थ काय उरतो? आपल्याकडच्या प्रत्येक प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर हा प्रश्न लिहून ठेवावा असं मला वाटतं. धातूशिवायचा कार्बन, कार्बनशिवायचा धातू, आणि दोघांची नुसती भेसळ : या तिन्ही तुलना नसतील तर जोडीचा दावा करू नये.

याच कारणासाठी हिरव्या संश्लेषणाच्या, म्हणजे वनस्पतींच्या अर्काने कण बनवण्याच्या लाटेबद्दल मला काळजी वाटते. पुण्यातल्या त्या गवताच्या प्रयोगाने नवी गोष्ट दाखवली होती : वनस्पतीच्या अर्काने आकार ठरतो. त्यानंतर तुळस, कडुलिंब, कोरफड, शेवगा, जांभूळ, अंगणातलं एकेक झाड घेऊन चांदीचे कण बनवले गेले, आणि आता ते ग्राफीनवर बसवले जात आहेत. असं काम करणाऱ्या मुलांच्या तोंडी परीक्षा मी घेतल्या आहेत. पोरं कष्टाळू असतात; महाविद्यालयात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नसतो, सॅम्पल दुसऱ्या शहरात पाठवून दोन-दोन महिने फोटोची वाट बघतात. म्हणून त्यांना दोष देत नाही. पण एकदा एका मुलीला विचारलं, की आषाढातल्या पानाचा आणि चैत्रातल्या पानाचा अर्क सारखा असतो का? ती थांबली आणि खरं बोलली : "सर, पावसाळ्यात कण मोठे येतात. म्हणून आम्ही उन्हाळ्यातलेच घेतले." तिच्या प्रबंधातली सगळ्यात मौल्यवान नोंद तीच होती, आणि ती प्रबंधात नव्हती. औषध किंवा पट्टी म्हणजे दहा हजारावी वस्तू पहिलीसारखी निघणं. ऋतूप्रमाणे बदलणारा अर्क ते कसं साधणार, हे कुणीतरी मन लावून शोधायला हवं. तेही संशोधनच आहे.

जखमेबद्दल थोडंसं. जळित विभागात चांदीचं पांढरं मलम गेली पन्नासहून अधिक वर्षं रोज लागतं. ग्राफीन ऑक्साइडवर चांदी बसवलेली पट्टी तिला हळूहळू सोडते, त्यामुळे थोडकी पुरते, आणि पट्टी शेवटी काढून टाकता येते. म्हणून हा मधला मार्ग मला मान्य आहे. मात्र चांदी जंतूंना मारते तशी नवी त्वचा विणणाऱ्या पेशींनाही त्रास देते. आणि जंतू शिकतात. चांदीला न जुमानणारा साल्मोनेला अमेरिकेतल्या एका जळित विभागात १९७५ सालीच सापडला होता. प्रतिजैविकांच्या बाबतीत केलेली चूक मोजे, टॉवेल, भांडी, सगळ्यांत चांदी घालत सुटून इथे पुन्हा करू नये.

केंद्र सरकारने २००७ साली नॅनो मिशन सुरू केलं. २०१९ साली नॅनो औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वंही आली, आणि प्रत्येक उत्पादनाचा स्वतंत्र विचार व्हावा हे त्यांनी मान्य केलं. चांगली सुरुवात आहे. त्यात मला एक अट ठळक अक्षरांत हवी आहे : शिरेतून द्यायच्या प्रत्येक संमिश्रासाठी, माणसावरच्या पहिल्या चाचणीच्या आधी, त्याचा प्रत्येक घटक कुठल्या अवयवात किती दिवस राहतो आणि कुठल्या वाटेने बाहेर पडतो याचा प्राण्यांमधला दीर्घकाळचा हिशेब.

चाचणीत भाग घेणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत समजावून संमती घेणं आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे. जालन्याहून किंवा बीडहून मुंबईच्या कॅन्सर हॉस्पिटलात आलेला शेतकरी समोर बसला आहे असं समजा. फॉर्म मराठीत आहे, डॉक्टर चांगल्या आहेत, सोन्याचे कण, ग्राफीन, लेझर, सगळं शांतपणे सांगतात. तो ऐकून घेतो. गावाकडे फवारणी केलेला, विहिरीत औषध सांडलेलं बघितलेला माणूस आहे. तो विचारतो, "डॉक्टर मॅडम, काम झाल्यावर हे अंगातून जातं कुठं?"

डॉक्टरांच्या हातातल्या फॉर्मवर त्या उत्तरासाठी एक ओळ छापलेली असावी, आणि तिच्यात आकडा असावा.